उजव्या तुकड्याला हात लावू नये

काही न करणं हे काम किती अवघड असतं, ते जगात फक्त मला माहीत आहे. बाकीचे लोक काही करत नाहीत ते आळसानं. मी काही करत नाही ते नोकरी म्हणून! सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, सलग अकरा वर्षं! या विषयात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे मी छातीठोकपणे सांगतो. निदान त्या शुक्रवारपर्यंत तरी सांगत होतो.

नीट सांगतो. आमचं ऑफिस समुद्रकाठच्या राखीव वनात आहे. नऊ किलोमीटर किनारा, त्यामागे वाळूच्या टेकड्या, त्यामागे खारफुटी, आणि खारफुटीच्या कडेला आमची बसकी इमारत. अकरा वर्षांपूर्वी एका वादळात त्या टेकड्या पार सपाट झाल्या. वेली उपटल्या गेल्या, केवड्याची बेटं वाहून गेली, टिटव्या कुठं गेल्या ते टिटव्यांनाच ठाऊक. तेव्हा आमच्या संशोधक मॅडमनी ऑफिससमोरच्या वाळूत दोरी बांधून दोन तुकडे आखले. डाव्या तुकड्यात रोपं लावायची, खत घालायचं, पाणी द्यायचं. उजव्या तुकड्यात काही म्हणजे काही करायचं नाही! किनारा माणसाच्या मदतीनं लवकर सावरतो की एकटा सोडल्यावर, एवढंच बघायचं होतं. डावा तुकडा मिळाला रोपवाटिकेच्या प्रमुखांना. त्यांना सगळे रोपवाले म्हणतात. आणि उजवा मिळाला मला.

तुम्ही हसताय ना? सगळेच हसतात! पण एकदा करून बघा. भर उन्हात एक कोवळं रोप मान टाकतंय, आपल्या हातात पाण्याची बाटली आहे, आणि ती आपणच पिऊन टाकायची! खेकडा उताणा पडून आठही पाय हवेत मारतोय, आणि आपण वहीत लिहायचं: 'खेकडा, एक, उताणा.' काळीज घट्ट करावं लागतं. रोज नऊ वाजता मी उजव्या तुकड्याशी उकिडवा बसून वहीत तारीख, वारा, झाडं, पक्षी आणि खेकड्यांची बिळं टिपायचो. सगळ्यात शेवटी रकाना होता 'केलेले काम'. त्यात लिहायचो, 'काही नाही'. अशा चार हजार नोंदी माझ्या अक्षरात आहेत, आणि एकीतही खाडाखोड नाही.

घरी मात्र या कर्तबगारीची कुणाला कदर नाही! माझे सासरे आमच्याकडेच असतात. सगळी हयात बस डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवण्यात गेलेला माणूस. गाडी चार मिनिटं उशिरा आली तरी त्यांना अपमान वाटायचा. अशा माणसाचा जावई पगार घेऊन वाळूकडे बघत बसतो, हे त्यांना कसं पटणार? कुणी विचारलं, "जावई काय करतात?" की ते आधी घसा खाकरतात, मग चष्मा पुसतात आणि म्हणतात, "समुद्राकडे असतात." ऐकणाऱ्याला वाटतं मी बोटीवर कप्तान आहे.

पण शेवटी जिंकलं कोण? उजवा तुकडा! तिसऱ्या वर्षी जांभळ्या फुलांची मर्यादावेल अख्ख्या वाळूवर पसरली. पाचव्या वर्षी केवडा आला. आपला आपण! टिटवीनं दोनदा अंडी घातली. खेकड्यांची बिळं मागच्या महिन्यात तीनशे बारा भरली. आणि डावा तुकडा? तिथं येईल त्या पाहुण्याच्या हातून रोप लावायची पद्धत पडली होती. नवा पाहुणा फोटोसाठी उभा राहायचा तो नेमका जुन्या पाहुण्याच्या रोपावर! रोपवाले बिचारे पाणी घालून घालून वाकले, पण त्यांचा तुकडा काही सुधारेना. मॅडमनी मोठा अहवाल लिहिला: किनारा आपला आपण सावरतो, माणसानं फक्त हात मागे घ्यावा. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. अहवाल मान्य झाला की नऊच्या नऊ किलोमीटर किनारा असाच सोडायचा आणि त्यावर एक किनारा निरीक्षक नेमायचा असं ठरलं होतं. तो निरीक्षक कोण होणार, हे सांगायला हवं का? वेगळी खोली, दारावर पाटी! मी पाटीचं अक्षरसुद्धा मनात ठरवलं होतं.

आणि मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी उजव्या तुकड्यापाशी गेलो, तर केवड्याचं एक वाकलेलं रोप ताठ उभं! शेजारी काठी रोवलेली. काठीला रोप बांधलेलं. कापडाच्या चिंधीनं! छान, दुहेरी गाठ मारून!

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. अकरा वर्षं ज्या जागी कुणी काही केलं नव्हतं, तिथं कुणीतरी काहीतरी केलं होतं! आता त्या शेवटच्या रकान्यात मी लिहू काय? 'काठी'?

मी तडक रोपवाटिकेत गेलो. रोपवाले पिशव्यांत माती भरत होते.

"हे तुमचंच काम!" मी ओरडलो.

"कुठलं?"

"माझ्या तुकड्यात काठी कुणी रोवली?"

"अहो, माझ्याच रोपांना काठ्या पुरत नाहीत," रोपवाले शांतपणे म्हणाले, "तुम्हाला कुठून देऊ?"

"शुक्रवारी समिती आहे म्हणून हा घातपात चाललाय! अहवाल पास झाला की तुमच्या रोपवाटिकेला कुलूप लागेल, म्हणून!"

रोपवाल्यांनी मातीचे हात झटकले. "चहा घेतलाय का सकाळी?" त्यांनी विचारलं. गुन्हेगार किती निर्ढावलेला असू शकतो ते मला तेव्हा कळलं.

दुपारी जेवायला घरी गेलो तो चिंधी खिशात घेऊनच. ताटावर बसायच्या आधी ती बायकोपुढे धरली. निळ्या चौकड्यांची चिंधी होती.

"अहो, हा तर तुमचाच शर्ट!" बायको म्हणाली. "कोपरात फाटला म्हणून मी त्याची फडकी केली ना."

"ती फडकी कुठं कुठं गेली? नीट आठवून सांग! कुणाला दिलीस?"

"दिलीस काय? आपल्याच घरात आहेत. हां, एक तुमचे रोपवाले घेऊन गेले. त्यांच्या सायकलची चेन पुसायला."

"सापडला!" मी एवढ्यानं ओरडलो की पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांना ठसका लागला. बायकोनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेपर चेहऱ्यापर्यंत वर घेतला आणि बराच वेळ एकच पान वाचत राहिले. मला वाटलं, जावयावर झालेला अन्याय म्हाताऱ्याच्या मनाला लागला.

आता पुरावा हवा होता. आमच्या पहारेकऱ्याकडे कोल्ह्यांसाठीचा कॅमेरा असतो. खांबाला बांधून ठेवायचा, समोर काही हललं की तो आपसूक फोटो काढतो. कोल्हा कॅमेऱ्यात येतो तर रोपवाले येणार नाहीत का? मंगळवारी दुपारीच मी तो ऑफिसच्या कोपऱ्यावरच्या खांबाला बांधला, वर करवंटीएवढं टोपण लावलं आणि कुणाला चकार शब्द बोललो नाही. गुरुवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर तो सोडवला. आतलं फोटोंचं चिमुकलं कार्ड मी पाकिटात घालून, पाकिटाला डिंक लावून, वर सही केली. मी ते उघडून पाहिलं असतं तर रोपवाले म्हणाले असते की फोटोंत फेरफार केला! माझ्यासारखा सरळ माणूस दुसऱ्याला बोट दाखवायला जागा ठेवत नाही. वर समितीच्या अध्यक्षांना दोन पानी पत्र लिहिलं. 'एका हितशत्रूने उजव्या तुकड्यात घातपात केला असून त्याचे फोटो सभेतच सर्वांसमक्ष उघडावेत ही नम्र विनंती.' 'नम्र' खाली रेघ मारली.

शुक्रवारी ऑफिसची मोठी खोली भरली होती. समोर टेबलाशी अध्यक्ष बसले होते. पांढऱ्या भुवयांचे, वनस्पतिशास्त्रात केस पिकवलेले गृहस्थ. शेजारी मॅडम, पुढ्यात जाडजूड अहवाल. मागच्या बाकावर माझी बायको आणि सासरे. मीच त्यांना बोलावलं होतं. म्हटलं, जावई काय करतो ते एकदा बघू दे त्यांना डोळ्यांनी!

अध्यक्षांनी अहवालाची तोंड भरून स्तुती केली. "असा निखळ प्रयोग मी दुसरा पाहिला नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षं एका माणसानं मोह आवरला. हे सोपं नाही." माझी छाती फुगली. आणि तिथं मी गप्प बसलो असतो तर आज माझ्या दारावर पाटी असती. पण माझ्या डोक्यात ती काठी सलत होती.

मी उभा राहिलो. "साहेब, माझं पत्र!"

अध्यक्षांनी पत्र मॅडमना दिलं. मॅडमनी ते वाचलं आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "हे फोटो आधी आपण दोघं बघू या का? आतल्या खोलीत?"

"कशाला, मॅडम?" मी खोलीभर ऐकू जाईल असं म्हणालो. "मला काही लपवायचं नाहीये! ज्याला लपवायचंय त्याच्या काळजाचं पाणी पाणी होऊ दे!" असं म्हणून मी रोपवाल्यांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

पाकीट फोडलं. भिंतीवर फोटो दिसू लागले. पहिल्यात खेकडा. दुसऱ्यात नुसती वाळू, बहुधा वारा. तिसऱ्यात टिटवी, अगदी कॅमेऱ्यावर डोळे रोखून रागानं बघणारी. लोक कौतुकानं हसले. चौथ्यात सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, आणि दोरीच्या आत एक माणूस. पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला माकडटोपी, हातात दोन लिटरची बाटली. बाटली उलटी. खाली केवडा.

"बाबा!" बायको किंचाळली.

माझे सासरे! रोज सकाळी फिरायला जाताना दोन भरलेल्या बाटल्या नेणारा आणि परत आल्यावर मटक्याकडे धावणारा हा माणूस! मी इतकी वर्षं समजत होतो की यांना तहानच फार लागते!

"हे तुम्ही?" मी कसंबसं विचारलं. "चोरून?"

सासरे उठून उभे राहिले. डेपोत साहेबापुढे उभे राहत असतील तसे. "चोरून कशाला, जावईबापू? सहा दहाला. रोज. काठीपण मीच रोवली. तुमच्या शर्टाचं फडकं मजबूत होतं."

"किती दिवस चाललंय हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिवस कसले साहेब, पहिल्या उन्हाळ्यापासून! शेजारचा तुकडा हिरवागार आणि आमच्या जावयाचा वाळून कोळ झालेला. माणसं काय म्हणतील? त्यांना सांगायची चोरी, ते चिडतात. म्हटलं आपण गुपचूप दोन बाटल्या घालाव्यात. पोरीचा संसार आहे."

अध्यक्षांनी अहवालाचं पान उलटून समासात काहीतरी लिहिलं. मला बाजूनं दिसलं. 'पाणी' एवढंच लिहिलं होतं.

"पुढचा बघा!" मी म्हणालो. "हे घरचं झालं! घातपात करणारा पुढेच असणार!"

आणि होताच तो! बुधवार, सकाळी सात पंचेचाळीस. रोपवाले, गुडघे वाळूत, हातात खुरपं, पुढ्यात पिशवीतलं केवड्याचं रोप.

"हा बघा!" मी टाळीच वाजवली. "रंगेहाथ!"

"उरलेली रोपं फेकवत नाहीत हो," रोपवाले अवघडून म्हणाले. "माझ्या तुकड्यात लावलं की परवा कुणीतरी फोटो काढायला त्याच्यावर उभं राहतं. तुमच्याकडे कुणी फिरकत नाही. तिथं बिचारं जगतं."

"असं किती वेळा केलंत?" अध्यक्षांचा आवाज आता अगदी मऊ झाला होता.

"मोजलं नाही, साहेब. पण केवडा म्हणाल तर... सगळाच."

अध्यक्ष अहवालाचं सहावं प्रकरण शोधू लागले. त्याचं नाव होतं 'केवड्याचे स्वयंस्फूर्त पुनरागमन'. बावीस पानांचं होतं. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"अकरा वर्षं," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "मला वाटत होतं, या वाळूतच काहीतरी विलक्षण आहे."

त्यांचा तो आवाज ऐकून मला खरंच गलबलून आलं. या बाईंनी उन्हातान्हात वाळूचे कण मोजले होते आणि आमच्या माणसांनी त्यांच्या कष्टांवर पाणी ओतलं होतं, तेही रोज सहा दहाला! माझा संताप अनावर झाला. मी भाषणच ठोकलं.

"मॅडम, मान खाली घालू नका! एक माणूस अजून शिल्लक आहे! या सगळ्या लुडबुड्यांच्या गर्दीत मी एकटा, एकटा माणूस होतो, ज्यानं प्रामाणिकपणे काही केलं नाही! घरच्यांनी पाणी घातलं, दारच्यांनी रोपं लावली, पण या हातांनी, साहेब, या हातांनी उजव्या तुकड्यातलं पानसुद्धा हलवलेलं नाही!"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. सगळे माझ्या हातांकडे न बघता माझ्या मागे भिंतीकडे बघत होते.

मी वळलो. भिंतीवर मी होतो. बुधवार, नऊ वाजून पाच मिनिटं. उकिडवा, गुडघ्यावर वही, उजव्या हातात पेन. आणि डाव्या हातात, मुळासकट, उपटलेलं तण.

पुढच्या फोटोत मी एका खेकड्याला पेनाच्या टोकानं सुलटं करत होतो. त्याच्या पुढच्यात वेलीवरची वाळकी पानं खुडत होतो. मग दोन बोटांनी केवड्याच्या बुंध्याशी माती, म्हणजे वाळू, दाबत होतो. तेवीस फोटो होते. तेवीसच्या तेवीस फोटोंत माझे डोळे वहीवर होते आणि चेहऱ्यावर मोठ्या कष्टानं काही न करणाऱ्याचा भाव होता.

"ही नजरचूक आहे!" मी म्हणालो. "पेन पडलं असेल!"

"घरी जेवून ताट उचलत नाहीत हो हे!" मागून बायको कळवळून म्हणाली. "आणि इथं तण काढतात!"

त्यावर जे हसू फुटलं ते मी विसरायचं ठरवलं आहे. रोपवालेसुद्धा हसले. सासरे मात्र हसले नाहीत. ते भिंतीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत प्रथमच माझ्याबद्दल काहीतरी बरं वाटल्याचं दिसत होतं.

हसणं ओसरल्यावर अध्यक्षांनी निर्णय सांगितला. तुकडा उत्तम आहे, फक्त तो कशानं उत्तम झाला ते आता कळलं. किनाऱ्याला माणसाची मदत लागते, आणि ती फोटो काढायला न येणाऱ्या माणसांची असली तर फार चांगली लागू पडते. मॅडमनी अहवाल त्याप्रमाणे पुन्हा लिहावा. बहुतेक आकडे तेच राहतील. मॅडमनी इतक्या वेळानं वर पाहिलं आणि पेन उघडलं. रोपवाटिका वाढवायची. किनारा निरीक्षक म्हणून रोपवाल्यांना नेमायचं. सासऱ्यांनी सकाळच्या पाण्याचं बघावं, त्यांची वेळ चुकत नाही असं दिसतं. आणि खऱ्याखुऱ्या काही न करण्यासाठी खाडीपलीकडे एक नवा तुकडा आखायचा, उंच कुंपण घालून.

"त्याच्यावर मी आहेच!" मी लगेच म्हणालो. अनुभवी माणूस म्हणून माझ्याशिवाय होतं कोण?

"तुमच्यासाठी वेगळा आदेश आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. मी कुंपणापासून दोनशे पावलांच्या आत यायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझ्या सहीला जागा होती.

आता मात्र कळस झाला! मी टेबलाला खेटून उभा राहिलो आणि स्पष्टच बोललो. "साहेब, हा माझा अपमान आहे! चार हजार दिवसांतले दोन दिवस तुम्ही पाहिलेत! दोन दिवसांवरून माणसाची परीक्षा होते का? त्या दोन दिवसांत माझं चित्त ठिकाणावर नव्हतं! एरवी मी दगडासारखा असतो! तुम्ही मला जंगलाच्या मधोमध उभं करा, माझ्यापुढे वाळकं झाड ठेवा, किडलेलं ठेवा, मरायला टेकलेलं ठेवा! माझं बोट हलणार नाही! वाटलं तर लिहून देतो!"

मी बराच वेळ बोललो. अध्यक्षांनी एकदाही मला अडवलं नाही. ते ऐकतसुद्धा नव्हते बहुतेक, कारण ते टेबलावरच्या शोभेच्या कुंडीकडे बघत होते. मॅडम पण तिकडेच बघत होत्या. मॅडमच्या ओठांचे कोपरे हलत होते.

म्हणून मीही बघितलं. कुंडी छान टवटवीत दिसत होती. तिच्यातली सगळी पिवळी पानं माझ्या मुठीत होती.

ती मी खिशात घातली आणि मुकाट्यानं सही केली.